टीव्हीवरचं गवत

साळवेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी अक्षरशः एका पायावर उभा होतो. खराडीतल्या एका कंपनीत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि येरवड्यात त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. रविवारी सकाळी गेलो. दार उघडंच होतं. मी चपला काढून एक पाय आत टाकणार, एवढ्यात आतून हुकूम आला, "हलू नका!"

मी पाय तसाच अधांतरी धरला. कुत्रं सुटलं असेल किंवा काच फुटली असेल असं मला वाटलं.

"पाय टेकवू नका," तोच आवाज म्हणाला. "ती फरशी सुटलेली आहे. ती हलली की स्टँड हलतो आणि स्टँड हलला की माझं फूल जातं."

डोळे अंधाराला सरावल्यावर खोली दिसली. खिडकीत एक उंच गृहस्थ दोन्ही हातांनी चादर ताणून वारा अडवत उभे होते. मध्ये जॅमच्या बाटलीत गवताची एक काडी आणि तिच्यासमोर तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा. कॅमेऱ्याशेजारी खुर्चीत एक ठेंगण्या बाई बसल्या होत्या. त्यांची दोन बोटं लेन्सच्या कड्यावर होती, पण नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच. ती समोरच्या टीव्हीकडे होती. टीव्हीभर जांभळट, पिसासारखं काहीतरी पसरलं होतं.

"आलं," बाई पुटपुटल्या. "आलं, आलं... गेलं. परत. आलं."

"आलं," खिडकीतले गृहस्थही त्याच क्षणी म्हणाले. कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"ठेवा आता पाय," बाई म्हणाल्या. "खोली बघायला आलात ना? वर आहे. आवडेलच, कारण या भाड्यात दुसरी मिळणार नाही. सकाळी ऊन चढेपर्यंत जिन्यावर धावायचं नाही. बाकी देव मानता की नाही, अंडी खाता की नाही, हे मी विचारत नसते. तुम्हीही विचारू नका."

मी खोली न बघताच हो म्हणालो. पुढची पाच वर्षं मी तिथं राहिलो आणि जिन्यावरून मांजरासारखं उतरायला शिकलो.

साळवेबाई महापालिकेच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे वडील गवत कापून भारे विकायचे, लष्करातल्या घोड्यांसाठी. लहानपणी भाऱ्याजवळ बसून बाई गवतांची नावं शिकल्या, तीही शाळेत जायच्या आधी. मारवेल, पवना, कुंदा, कुसळी. घोडा कुठलं आधी खातो आणि कुठल्याला तोंड लावत नाही, हेही त्यांना पाठ होतं. "घरात पाटी आली छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर," त्या म्हणायच्या. "त्याआधी गवतच होतं. म्हणून अभ्यास गवताचा झाला." हे त्या अगदी सहज सांगत. त्यात कढ नसायचा.

नोकरीत असताना त्यांना एक गोष्ट सतत खटकत राहिली. शाळेच्या भिंतीवर कमळाचा तक्ता, गुलाबाचा तक्ता, जास्वंदीचा तर प्रत्येक वर्गात. पण मैदानात मुलं दिवसभर जे तुडवत त्याचं एकही चित्र नाही. "गवताला फूल येतं" असं त्यांनी वर्गात सांगितलं की मुलं हसायची. दाखवायला जावं तर ते तांदळाच्या कणीएवढं, आणि सकाळी उमललेलं मधल्या सुट्टीपर्यंत मिटून जायचं. निवृत्तीनंतर आपल्या शाळेसाठी गवतफुलांचा एक मोठा तक्ता करायचा, हे त्यांनी मनाशी घेतलं होतं. "मोठ्या फुलांना आईबाप पुष्कळ आहेत," असं त्यांचं म्हणणं.

टीव्हीची युक्ती त्यांची स्वतःचीच. कुणा भाच्यानं त्याच्या लग्नाचे फोटो कॅमेऱ्याची केबल टीव्हीला जोडून दाखवले होते. सगळे नवरीची साडी बघत होते. बाईंनी विचारलं, "काढलेला फोटो दिसतो, मग अजून न काढलेला का नाही दिसणार?" बाईंनी केबल ठेवून घेतली. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "त्या खिडकीत सगळंच छान दिसतं. ज्याला फसायचंय त्यानं तिथं बघावं," त्या म्हणायच्या. टीव्हीवर मात्र लबाडी चालायची नाही. कणीएवढं फूल परातीएवढं व्हायचं आणि पुसट असलं तर ते साऱ्या घराला कळायचं.

मी कॉम्प्युटरवाला. मी सुचवलं, की बाई, कॅमेरा आपला आपण फोकस लावतो, तुम्ही कशाला कडं फिरवत बसता? बाईंनी माझ्याकडे वर्गात गाईड आणलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "तुझा तो आपोआपवाला पुढाऱ्यासारखा आहे. जो पुढं आणि मोठा दिसेल त्यालाच नमस्कार. मी फूल दाखवते, तो पानाला हार घालतो." मग त्यांनी मला खुर्चीत बसवून कडं हातात दिलं. पहिल्यांदा मला वाटलं की आता स्पष्ट झालं, तेव्हा मी थांबलो. "चूक," बाई म्हणाल्या. "आलं हे आलं तेव्हा कळत नसतं. थोडं पुढं जा. बघ, पुसट झालं? गेलं. आता मागं ये. हां. गेलेलं बघितल्याशिवाय आलेलं समजत नाही." मी आजवर बऱ्याच प्रशिक्षणांना कंपनीच्या खर्चानं जाऊन आलो. एवढं थोडक्यात कुणी शिकवलं नाही.

घरातल्या बाटलीत गवत लवकर मान टाकायचं, म्हणून टेकडीवर जाणं भाग होतं. पण टेकडीवर टीव्ही नेणार कसा? आमच्या ऑफिसातला एक जण अमेरिकेहून येणार होता. लोक त्याच्याकडून चॉकलेटं आणि अत्तरं मागवत होते. मी कॅमेऱ्याला जोडायची वहीएवढी स्क्रीन मागवली. बाईंच्या गुडघ्यांना ती फार मानवली. कॅमेरा जमिनीलगत गवतात, स्क्रीन स्टँडवर छातीच्या उंचीला, आणि बाई घडीच्या स्टुलावर ताठ बसलेल्या. त्या स्क्रीनमध्ये एक सोय होती. जिथं फोकस लागला असेल तिथं लाल कडा उमटायची. मी मोठ्या कौतुकानं ती चालू करून दाखवली. वाऱ्यानं गवत हललं आणि साऱ्या टेकडीवर लाल रेघा उठल्या. "बंद कर," बाई म्हणाल्या. "दिसेल त्या ओळीला बरोबरची खूण. असले मास्तर मी शाळेत पुष्कळ बघितले."

उन्हात स्क्रीनवर काही दिसत नसे, म्हणून तिच्यावर छत्री धरायला साळवेकाका, खिडकीत चादर ताणून उभे असायचे तेच. काका एका मोटारीच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात होते. रंगाच्या वाफेनं छातीत कायमची शिटी बसली होती. चढ चढले की ती लांबवर ऐकू यायची. स्वभाव असा, की दगडालाही जागा करून देतील. "मला त्यातलं काही कळत नाही, मी छत्रीवाला," असं ते सगळ्यांना सांगत. पण गंमत अशी, की बाईंच्या तोंडून 'आलं' निघायला आणि काकांच्या तोंडून निघायला एकच गाठ पडायची. कधी कधी तर काकाच अर्धा क्षण आधी म्हणायचे. मला त्यांचा फार आदर वाटायचा. न शिकता माणसाची नजर किती तयार होते, असं मी एकदा ऑफिसात कौतुकानं सांगितलंही होतं.

सकाळी फिरायला येणारी मंडळी थबकायची. स्क्रीन, स्टँड, छत्री असा सरंजाम बघून एकदा एका आजोबांनी विचारलं, "कुठल्या मालिकेचं शूटिंग आहे?"

"गवताच्या," काका म्हणाले.

"हिरो कोण?"

"हिरो आत्ताच उमललाय. मी त्याचा छत्रीवाला."

आजोबा वाकले, स्क्रीनमध्ये बघितलं आणि स्वतःच्या पायांकडेही बघितलं. मग म्हणाले, "अहो, हे तर माझ्या बुटाखाली आहे!" "म्हणूनच म्हणते, बूट उचला," बाई म्हणाल्या. तो माणूस पुढं महिनाभर वाटेच्या कडेनं जपून चालायचा.

चौथ्या वर्षी एके दिवशी बाईंनी मला हाक मारून विचारलं, "संदीप, खिडकीचे गज वाकलेत का रे?" गज सरळ होते. बाईंनी एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. "मग डोळा वाकलाय," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी शिक्षकांच्या खोलीतली बातमी सांगावी तसं सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत यायचं नाही. "म्हणजे वर्ग सगळा दिसणार. मी जिच्याकडे बघीन ती मुलगी तेवढी दिसणार नाही." काका आत पाणी प्यायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. तक्त्यावर तेव्हा शेवटची ओळ रिकामी होती. मारवेलही त्याच ओळीत होतं. बाईंचे वडील ज्याला 'घोड्याची पुरणपोळी' म्हणायचे, तेच ते. ते बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

मला फार वाईट वाटलं. बाईंना वाटलं नसेल असं नाही, पण त्या कामाला लागल्या. टीव्ही त्यांनी हातभर अंतरावर ओढून घेतला. फुलाकडे सरळ बघितलं की ते नाहीसं व्हायचं, म्हणून त्या टीव्हीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत आणि डोळ्याच्या कडेनं फूल पकडत. "चोरून बघायला शिकले या वयात," असं हसून म्हणत. काही दिवस निभावलं. मग एका सकाळी त्यांनी कडं फिरवता फिरवता विचारलं, "आलं का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी जिन्यातच थांबलो.

"आलं," काका म्हणाले.

तेव्हापासून तसंच ठरलं. कडं बाईंनी फिरवायचं, आणि काकांनी सांगायचं. काकांची नजर तर तयारच होती, त्यामुळं काळजीचं कारण नाही असं मलाही वाटलं. महिन्याभरानं मी ते फोटो माझ्या कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. एकाही फोटोत फूल स्पष्ट नव्हतं. कुठं मागचं पान स्वच्छ, कुठं देठ, कुठं नुसतीच धूसर हिरवळ. काकांना हळूच वर बोलावून दाखवलं.

"तिला लगेच सांगू नकोस," ते म्हणाले. "सध्या खूश आहे ती. काम होतंय म्हणून रात्री झोप लागते तिला."

"पण काका, तक्ता छापल्यावर शाळेत लोक बघतीलच की."

"बघतील तेव्हा बघतील."

काय करावं ते मला कळेना. सांगावं तर बाईंचा धीर सुटेल, न सांगावं तर हंगाम निघून जाईल. गवत काही डॉक्टरांच्या तारखेप्रमाणं फुलत नाही. मी सांगायचं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर माझी गरजच उरली नव्हती. बाई खुर्चीत बसल्या होत्या, टीव्हीवर कुंद्याचं कणीस होतं आणि कड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला होता.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "एक सांगा. महिनाभर तुम्ही 'आलं' म्हणताय. एकदाही 'गेलं' म्हणाला नाहीत. माझा हात एवढा सरळ कधीपासून झाला?"

काका चादरीची घडी घालू लागले.

"साहेब, मी मुलांचे पेपर तपासलेत. सगळीच उत्तरं बरोबर असली की मी आधी शेजारच्या बाकावर बघते."

काकांच्या छातीतली शिटी तेवढी ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "सुमन, मी टीव्हीकडे कधी बघितलंच नाही."

"म्हणजे?"

"पहिल्यापासून. मला त्यातलं काय कळतंय? फूल जागेवर आलं की तू खालचा ओठ दातात धरायचीस. ते बघून मी आलं म्हणायचो."

"आणि आता?"

"आता तू सारखाच धरून बसतेस. मग मी अंदाजानं म्हणतो."

मी काकांच्या तयार नजरेचं जे कौतुक ऑफिसात केलं होतं ते आठवून मला हसू यायला लागलं आणि रडूही. नजर तयार होती यात खोटं काहीच नव्हतं. ती टीव्हीवर नव्हती, एवढंच.

"जन्मभर मी पोरांच्या कॉप्या पकडल्या," बाई अखेर म्हणाल्या, "आणि घरात नवरा माझ्या तोंडावरून कॉपी करत होता." त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "उठा. इकडं या. आजपासून स्वतःचा पेपर स्वतः सोडवायचा."

"अगं, मला जमणार नाही."

"पहिलीतलं पोरही हेच म्हणतं. बसा."

त्या उठल्या आणि खुर्ची काकांना दिली. बघणारा आणि फिरवणारा एकच हवा, नाहीतर फोकस लागत नाही, हे त्यांचंच म्हणणं होतं. त्यामुळं कडंही द्यावं लागलं. त्यांची दोन बोटं कड्यावरून निघाली तो क्षण मला बघवला नाही. मी उगाचच केबल तपासली.

मग शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी मी चहा घेता घेता ऐकायचो. "काय दिसतंय?" "गवत." "गवत नको, फूल सांगा. फुलाचं काय लोंबतंय?" "पिवळं काहीतरी." "पुंकेसर म्हणायचं. त्याच्यावर दाणे दिसतात का रव्यासारखे?" "नाही." "मग का थांबलात? पुढं चला." काका घामाघूम व्हायचे. पंधरवड्यानं एकदा त्यांच्या तोंडून "गेलं!" निघालं. इतक्या आनंदानं कुणी कधी ते म्हटलं नसेल. बाईंनी त्या दिवशी शिरा केला. रिकाम्या ओळीतली एकेक जागा भरत गेली. दर वेळी मी फोटो मोठा करून बघायचो आणि खाली येऊन सांगायचो. बाईंना माझा निकाल पुरत नसे. "दाणे मोजता येतात का?" असं विचारून त्या खात्री करून घेत.

त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं आणि वारज्याला घर झालं. सामान टेंपोत चढवायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. मारवेल फुललं होतं. काकांनी कॅमेरा गवतात रोवला, स्क्रीन लावली आणि स्टुलावर बसले. चढामुळं त्यांची शिटी जोरात चालू होती. छत्री आता बाईंनी धरली होती. त्या काकांच्या पाठीशी उभ्या होत्या. स्क्रीनकडे त्यांनी तोंडही केलं नव्हतं. बघून उपयोग नव्हता. समोरच्या इमारतींकडे चेहरा करून त्या नुसत्या उभ्या राहिल्या होत्या.

वारा होता. काका कडं फिरवत होते, थांबत होते. "गेलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत, "गेलं." बाईंना मधे बोलायची किती उबळ येत असेल हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी छत्री तेवढी जराशी पुढं सरकवली.

मग वारा पडला. मी स्क्रीनमध्ये बघत होतो. जांभळट कणीस हळूहळू धुक्यातून वर यावं तसं आलं, पुढं गेलं, मागं आलं आणि थांबलं. केसाएवढ्या दांड्यांवर पुंकेसर लोंबत होते आणि त्यांच्यावर रव्यासारखे दाणे सुटे सुटे दिसत होते. काका 'आलं' म्हणायचंही विसरले होते. टेकडीवर एकदम शांत झालं. सकाळपासून चाललेली शिटी बंद पडली होती.

"श्वास धरलाय तुम्ही," बाई इमारतींकडेच बघत म्हणाल्या. "म्हणजे आलंय. दाबा ना मग बटण."